दीड लिटरवर काढलेली दुपार

रमाकांत सरांच्या घरी ऑक्सिजनची मशीन आली तेव्हा ती ऑटोतून उतरवून आतल्या खोलीत न्यायला मीच होतो. चाकं लावलेल्या मोठ्या बॅगेएवढी मशीन, वर एक गोल खुंटी आणि समोर काचेची उभी नळी. खुंटी फिरवली की नळीतली छोटी गोळी वर-खाली व्हायची. सरांनी ती तीनच्या रेघेवर आणून ठेवली आणि मला म्हणाले, "बाबू, आता ही गोळी हालू द्याची नाही. डॉक्टरनं मिनिटाले तीन लिटर सांगितलं, तं तीनच."

अमडापूरच्या शाळेत मी बावीस वर्षं क्लार्क होतो, म्हणून गावात सगळे मला बाबू म्हणतात. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. सर उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात एक निळं पेन आणि एक लाल. रिटायर झाल्यावरही लाल पेन खिशात राहिलं. वर्तमानपत्रात आकडा चुकलेला दिसला की त्याखाली लाल रेघ मारायचे.

शैलजावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा आवाज असा, की त्यांनी हजेरी घेतली तर रस्त्यानं जाणारा माणूसही "हजर" म्हणेल. तोच आवाज तीन वर्षांत बसत गेला. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप, मग अंघोळ करतानाही धाप. फुफ्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार निघाला. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे मागं फिरत नाही, फक्त सांभाळायचं असतं. चोवीस तास नाकात नळी. घरातल्या घरात हिंडता यावं म्हणून सरांनी नळी लांब करून घेतली होती. वहिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून सरांना भाजी चिरायला शिकवायच्या.

"अहो, हे वांगं आहे. बेडूक नाही. इतकं हळू काय कापता?"

अशा त्या. धाप लागली तरी वाक्य पुरं करायच्या.

मशीन विजेवर चालते आणि आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसतो. सरांकडे इन्व्हर्टर होता, चार वर्षांपूर्वीच्या बॅटरीचा. आणि एक सिलिंडर होतं, अडीअडचणीसाठी. मार्चमध्ये लाईट दोन-दोन तास जायला लागली तेव्हा सरांना एकच प्रश्न पडला: ही बॅटरी ही मशीन किती वेळ चालवेल?

हा प्रश्न त्यांनी आपल्या लेकीला, इराला विचारला. इरा पुण्यात एका संस्थेत काम करते. घरं किती वीज वापरतात, का वापरतात, उद्या किती वापरतील, ह्याचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडणं हेच तिचं काम. हजारो घरं एका वेळी. पंखे किती, फ्रीज किती जुना, माणसं किती, ऊन किती, असं सगळं घातलं की उत्तर येतं. त्याला ती मॉडेल म्हणते. बापाला तिच्या कामाचं फार कौतुक होतं, पण तोंडावर कधी बोलले नाहीत.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि मी बरेचदा तिथंच असायचो.

"मले एक आकडा सांग," सर म्हणायचे. "किती तास?"

"एकच आकडा नसतो बाबा. पट्टा असतो. इथपासून इथपर्यंत."

"पट्ट्यावर मशीन चालते का?"

वहिनी हसायच्या, हसता हसता खोकायच्या, आणि बाप-लेकीचा वाद तिथंच थांबायचा.

मग इरानं ते मनावर घेतलं. आईसाठी तिनं एका घराचं मॉडेल केलं. सरांनी बॅटरीचं वय, तिच्यातल्या पाण्याची पातळी, खोलीचं तापमान असं सगळं मोजून कळवलं. इरानं कुरिअरनं एक छोटं मीटर पाठवलं, सॉकेट आणि मशीनच्या मध्ये लावायचं. तीन लिटरवर मशीन तीनशे चाळीस वॅट खाते, हे सरांनी त्याच्यावर पाहिलं, तिला कळवलं आणि मीटर काढून कपाटात ठेवलं.

"आता मी एकेक आकडा थोडा थोडा हलवून बघते," ती म्हणाली. "बॅटरीचं वय हलवलं तर उत्तर किती हलतं, उष्णता हलवली तर किती. ज्याला हात लावला की उत्तर सगळ्यात जास्त हलतं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. बाकीच्यांची काळजी कमी."

दोन दिवसांनी तिनं चित्र पाठवलं. आडव्या पट्ट्या, सगळ्यात लांब पट्टी वर. ती बॅटरीच्या वयाची नव्हती, उष्णतेची नव्हती. लिटरची होती. तीन लिटरवर बॅटरी एक तास चाळीस मिनिटं ते तीन तास दहा मिनिटं चालेल. दीड लिटरवर आणलं तर तीन ते साडेपाच तास. जवळजवळ दुप्पट.

दीड लिटरवर मशीन किती वॅट खाते हे मात्र कोणी मोजलं नव्हतं. मोजायचं तर मशीन बंद करून पुन्हा मीटर लावायचं, तोवर वहिनींना पाच मिनिटं सिलिंडरवर घ्यायचं, नळी बदलायची. त्या दिवसांत नळी काढली की त्या घाबऱ्या व्हायच्या, सरांचं मनगट धरून ठेवायच्या. "रविवारी इरा येऊन राह्यली, तेव्हा पाहू," सर म्हणाले. इरानं हिशोबात निम्मे लिटर म्हणजे निम्म्याच्या आसपास वीज असं धरलं आणि कागदावर तसं लिहिलंही: "गृहीत: वीज लिटरच्या प्रमाणात." कागद छापून सरांनी नीट वाचला. त्या ओळीपुढं त्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली. ती मी पाहिली आहे.

मग एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात दोन्ही वेळा लिहून त्यांनी तो इन्व्हर्टरवर टांगला.

त्या रविवारच्या आधी गुरुवार आला.

मंगळवार-बुधवारी लाईट इतकी गेली की सिलिंडर संपलं. गुरुवारी सकाळी मी ते जीपमध्ये टाकून चिखलीला भरून आणायला गेलो. भरून झालं, परतीची जीप मिळाली, आणि अडीचच्या सुमारास आभाळ एकदम काळं-पिवळं झालं. मे महिन्यात वादळ आमच्याकडे येतं, पण हे वेगळं होतं. धुळीनं समोरचा रस्ता दिसेना. ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली. वारा थांबला तेव्हा पुढं कडुनिंबाचं झाड आडवं होतं, त्याच्या पुढं दुसरं, आणि विजेचे खांब काडीसारखे वाकलेले. अमडापूर सात किलोमीटर राहिलं होतं. मी सरांना फोन लावला. नेटवर्क नव्हतं. पुन्हा लावला. किती वेळा लावला मला आठवत नाही.

घरात काय झालं ते मला नंतर सरांनी सांगितलं. बरेच महिने त्यांनी दुसरं काही सांगितलंच नाही.

लाईट दोन चाळीसला गेली. इन्व्हर्टरनं मशीन उचलली. सरांनी फ्रीज, पंखा, दिवे, सगळं बंद केलं. खिडकीतून त्यांना कोपऱ्यावरचा खांब रस्त्यावर पडलेला दिसला. म्हणजे आज लाईट येत नाही. सिलिंडर चिखलीच्या रस्त्यावर. इराला फोन लागला, शेवटचा.

"खांब पडला बेटा. किती तास लागतील सांगता येत नाही."

"बाबा, दीडवर आणा. आत्ताच आणा. जितका उशीर कराल तितकी बॅटरी जाईल." आणि फोन तुटला.

सरांनी खुंटी फिरवली. गोळी दीडच्या रेघेवर आली.

"काऊन कमी केलं?" वहिनींनी विचारलं.

सरांनी पुठ्ठा दाखवला, समजावून सांगितलं. तीनवर दोन तासांत बॅटरी बसेल आणि मग काहीच नाही. दीडवर रात्रीपर्यंत निभेल, तोवर बाबू सिलिंडर घेऊन येईल. वहिनींनी ऐकून घेतलं.

बोटाला लावायचं यंत्र आधी ब्याण्णव दाखवत होतं. पंधरा मिनिटांत ते अठ्ठ्याऐंशीवर आलं, मग पंच्याऐंशी. खोलीत उकाडा भट्टीसारखा. सर वर्तमानपत्रानं वारा घालत होते. वहिनी पुढं वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसल्या होत्या. ओठ काळसर दिसायला लागले. मध्येच विचारायच्या, "किती... वाजले?" सर खोटं सांगायचे, अर्धा तास पुढचं.

साडेतीनला यंत्रावर एकोणऐंशी आलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "वाढवा ना... थोडंसं."

सरांचा हात खुंटीवर गेला. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला.

"शैला, वाढवलं तं बॅटरी जाईल. मग मी काय करू?"

वहिनींनीही पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "इरानं... काढलं ना हे?"

"हाव. इरानंच."

"मग... राहू द्या."

पुढचा एक तास सर त्यांची पाठ चोळत होते. दारात जाऊन आवाज देत होते, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ज्याच्या त्याच्या घराचे पत्रे उडालेले. वहिनींना सोडून लांब जाता येत नव्हतं. वहिनी अर्धवट झोपेत गेल्यासारख्या झाल्या होत्या, हाक मारली की डोळे उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. सरांनी मला सांगितलं, त्या तासात त्यांनी चारदा खुंटीला हात लावला आणि चारही वेळा काढला. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं की आपण धीर धरला तर ती वाचेल.

साडेचारला रज्जाक आला. स्टँडजवळ त्याचं मोटर रिवायंडिंगचं आणि इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. गावातला अर्धा उजेड त्याच्याच हातचा. दुकानाचा पत्रा कोसळून दीड तास त्याचं दार अडकलं होतं. बाहेर पडल्या पडल्या त्याला आठवलं की सरांची बॅटरी जुनी आहे. त्यानं आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली, खांद्यावर घेतली आणि झाडांवरून उड्या मारत आला. कोणी बोलावलं नव्हतं त्याला.

आल्या आल्या वायर जोडायला बसला. तेव्हा त्याची नजर काचेच्या नळीवर गेली.

"सर, लिटर काऊन कमी केलं?"

"बॅटरी पुरावी म्हणून."

रज्जाकचे हात थांबले. "पण सर, मशीन तं करंट तेवढाच खाते. आतला कंप्रेसर एकाच चालीनं चालते. तुमी एक लिटर घ्या का पाच घ्या, त्याले काही फरक पडत नाही."

सरांना ते समजलं नाही. म्हणजे शब्द समजले, पण अर्थ आत गेला नाही. रज्जाकनं खिशातून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर काढला, वायरीला अडकवला, आणि दुसऱ्या हातानं खुंटी फिरवून गोळी तीनवर नेली. मीटरवरचा आकडा जिथं होता तिथंच राहिला. त्यानं पुन्हा दीडवर आणली. आकडा हलला नाही. त्याला वाटलं सरांना दाखवलं म्हणजे बरं होईल. "पाहा," तो म्हणाला. आणि सरांचा चेहरा पाहून त्यानं मीटर खिशात टाकला, गोळी तीनवर नेऊन सोडली आणि पुन्हा वायरी जोडायला लागला.

मी सव्वापाचला पोचलो. दोन अनोळखी माणसांनी आणि मी सिलिंडर खांद्याखांद्यावरून आणलं होतं. वहिनींचं बोटावरचं यंत्र चौऱ्याऐंशी दाखवत होतं. त्याच्यावर ते गेलं नाही. रात्री उशिरा रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही त्यांना बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. इरा पुण्याहून तिथंच आली. एकोणीस दिवस वहिनी मास्कवर होत्या. विसाव्या दिवशी सकाळी गेल्या.

सरांनी तिथल्या प्रत्येक डॉक्टरला एकच विचारलं. एकशे दहा मिनिटं निम्मा ऑक्सिजन मिळाला, त्यानं हे झालं का? एक म्हणाले, ह्या आजारात असं अचानक वाढणं कशानंही होतं, उष्णता, धूळ, साधा संसर्ग. दुसरे म्हणाले, थोडा हातभार लागला असेल, नसेलही. तिसऱ्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आकडा दिला नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, इराही गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. इन्व्हर्टर पूर्ण चार्ज केलेला. मशीन जागच्या जागी. नळीचं नाकाकडचं टोक वहिनींच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं. त्यांनी मेन स्विच पाडला, घड्याळ समोर ठेवलं आणि म्हणाले, "बस बाबू."

आम्ही बसून राहिलो. मशीन सुस्कारे टाकत चालली होती, गोळी तीनवर. खुर्चीवर कोणी नाही आणि नळीतून ऑक्सिजन हवेत चाललाय, हे मला बघवेना. मी म्हटलं, "सर, कशाले हे?" ते घड्याळाकडे बघत होते. दोन तास एकतीस मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडला आणि मशीन बंद पडली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा भरून तेच, गोळी दीडवर ठेवून. दोन तास चौतीस मिनिटं.

सरांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. वजाबाकी केली. मग मला म्हणाले, "रज्जाक एक तास पन्नास मिनिटांनी आला होता. म्हणजे पूर्ण तीन लिटर दिलं असतं तरी तो आला तेव्हा बॅटरीत चाळीस मिनिटं उरली असती." त्यांचा आवाज वर्गात फळ्यावर गणित सोडवून दाखवतानासारखा होता. "तिनं मागितलं होतं बाबू. मी नाही म्हटलं."

त्यांनी इराला फोन केला आणि एवढंच सांगितलं, "तीन मिनिटांचा फरक आहे." ती दुसऱ्या दिवशी दुपारी दारात होती, हातात पर्स सोडून सामान नाही.

मी उठून जायला लागलो तर सर म्हणाले, "बस." मला वाटतं त्यांना तिच्यासोबत एकट्यानं बसायची भीती वाटत होती.

इरा जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. "मला माहीत होतं बाबा," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"आईला ॲडमिट केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मशीनचं माहितीपत्रक शोधलं. त्यात लिहिलंय. सगळ्या लिटरांना जवळपास एकच वॅट. एका ओळीत लिहिलंय." ती रडत नव्हती. "आई होती तोवर सांगितलं नाही, तुम्ही खचाल म्हणून. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. मला वाटलं तुम्हाला कधीच कळणार नाही."

"मले रज्जाकनं त्याच दिवशी सांगितलं होतं," सर म्हणाले. "तुले कळू नये म्हणून मी बोललो नाही. मग वाटलं, एकदा मोजून पाहावं. खोटं निघालं तं बरं."

म्हणजे एकोणीस दिवस दवाखान्याच्या एकाच बाकावर, एकमेकांना चहा देत-घेत, बाप आणि लेक तेच ओझं एकमेकांपासून लपवत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मलाही कळलं नव्हतं.

"मी सगळ्या आकड्यांवर शंका घेतली," इरा बोलत राहिली. "बॅटरीवर दहा टक्के, उष्णतेवर, वायरींवर. प्रत्येकाला थोडी थोडी चुकायची जागा दिली. ह्या एका ओळीवर शंकाच घेतली नाही, कारण ती मला आकडा वाटलीच नाही. आणि तीच ओळ चित्रात सगळ्यात लांब पट्टी झाली. ऑफिसात हजार घरांत एक चूक बुडून जाते बाबा. आपलं एकच घर होतं."

"त्या ओळीपुढं बरोबरची खूण माझी आहे."

"तुम्ही बाप म्हणून केली. तपासून नाही."

ते खरंच होतं बहुतेक.

मग सरांनी विचारलं, "एकशे दहा मिनिटं. त्यानं तिचे किती दिवस गेले, हे काढता येईल का तुले?"

"नाही."

"पट्टा तरी?"

"नाही बाबा. ह्याचा पट्टाही निघत नाही."

ती तीन दिवस राहिली. दोघं एकमेकांशी फार नीट वागले. कोणी कोणाला माफ केलं असं काही मला दिसलं नाही. तिनं जेवण केलं, त्यांनी ताट उचलून ठेवलं. ती निघताना सर स्टँडपर्यंत गेले आणि बस सुटल्यावर बराच वेळ तिथंच उभे राहिले. ती आता दर रविवारी फोन करते. ऊन किती आहे, मेथी मिळते का, असं बोलतात. ऑफिसात तिनं भांडून काही घरांत प्रत्यक्ष मोजायला माणसं पाठवायला लावली, एवढं तिनं मला एकदा सांगितलं. सरांना सांगितलं नाही.

मशीन सरांनी जुलैत उंद्रीच्या जानरावांना दिली. त्यांना खाणीतल्या धुळीनं श्वासाचं दुखणं झालंय, बायको मंजुळाबाई सगळं बघतात. सर आणि रज्जाक दोघं जाऊन बसवून आले. रज्जाकनं नवी बॅटरी जोडली, मीटर लावून प्रत्येक लिटरवर मोजून दाखवलं. सरांनी मंजुळाबाईंना एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली: लाईट गेली तरी लिटर कमी करायचे नाहीत, कोणी सांगितलं तरी नाही, मी फोनवर सांगितलं तरी नाही.

तेव्हापासून आमच्याकडे लाईट गेली की सरांचा पहिला फोन उंद्रीला जातो. मंजुळाबाई उचलतात, "चालू हाये सर, तीनवर हाये." कधी दिवसातून चारदा. मध्यंतरी त्या जरा वैतागल्या होत्या, पण सर थांबले नाहीत.

मागच्या महिन्यात एका दुपारी लाईट गेली आणि मंजुळाबाईंनी फोन उचलला नाही. सरांनी पाच मिनिटांनी पुन्हा लावला, मग लावतच राहिले. अर्ध्या तासानं ते माझ्या दारात चप्पल न घालता उभे होते. "बाबू, गाडी काढ." आम्ही स्कूटरवरून निघालो. मागं बसून ते मिनिटं मोजत होते, मोठ्यानं. एकेचाळीस. बेचाळीस. मी त्यांना गप्प राहा म्हणालो, त्यांना ऐकू आलं नाही.

उंद्रीच्या अलीकडे ओढ्यावर पूल आहे, तिथं त्यांचा फोन वाजला. मंजुळाबाई होत्या. फोन घरात राहिला, त्या शेजारच्या विहिरीवर पाणी आणायला गेल्या होत्या. मशीन चालू आहे. जानराव झोपलेत. लाईटही आत्ताच आली.

"बरं," सर म्हणाले. "बरं झालं. बरं."

ते स्कूटरवरून उतरले आणि पुलाच्या कठड्यावर बसले. मी म्हटलं, चला सर, घरी जाऊ. "थांब बाबू," ते म्हणाले आणि मग त्यांना रडू फुटलं, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. कापसाची एक गाडी आमच्या शेजारून गेली, ड्रायव्हरनं वेग कमी करून पाहिलं आणि पुढं निघून गेला. मी स्कूटर बंद केली आणि त्यांच्या शेजारी बसलो.